फुंकर : दुप्पट लांबीची सनई आणि मंद्रातला ओबो

गेल्या अंकात सनईच्या पत्तीवर लिहिलं, तेव्हा पत्रं सनईबद्दल येतील असं वाटलं होतं. आली, पण त्यातली चार पत्रं ओबोच्या घराण्याकडे वळलेली निघाली. मला फार आनंद झाला. ओबो ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काळ्या लाकडाची, साधारण दोन फुटांची, चांदीच्या रंगाच्या चाव्या असलेली नळी, आणि तोंडाशी एकमेकींवर टेकलेल्या दोन पात्यांची पत्ती. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ही सनईची चुलत बहीण. तिच्या घरात खालच्या आवाजाची भावंडंही आहेत, आणि आजची सगळी पत्रं त्यांच्याविषयी आहेत.

नमस्कार काका. मी लग्नात आणि देवळात सनई वाजवतो. भाच्याने मोबाइलवर ‘बास ओबो’ नावाचं वाद्य ऐकवलं. आवाज सनईसारखाच, पण आजोबांनी बोलावं तसा खालचा. मन त्यातच अडकलं. मी कातारीकडून शिसवाची दुप्पट लांब, दुप्पट रुंद सनई करून घेतली. भोकंही दुप्पट अंतरावर पाडली. पत्ती माझी नेहमीची. पण खालचा सा धरतच नाही, जोर लावला की वर चिरकते, आणि बोटं भोकांवर पोचत नाहीत. लाकूड वाईट की माझा दम कमी? फोटो पाठवतो आहे.
– सनईवादक, सिन्नर तालुका

दादा, शिसव चांगलं आहे आणि तुमचा दमही. फोटो भिंग घेऊन पाहिले. तुमच्याकडून झालेल्या चुका मी स्वतः केलेल्या आहेत. एकोणीस वर्षांचा होतो. जुन्या नाशकातल्या एका कातारीकडून अशीच लांब सनई करून घेतली. लग्नसराईतली एका महिन्याची बँडची कमाई तिच्यात गेली. वडील पंचवटीत पहाटे काकडआरतीला वाजवायचे. त्यांनी ती हातात घेतली, पत्ती लावली, एकदाच फुंकली आणि म्हणाले, “घर मोठं बांधलंस, दार उंदराचंच ठेवलंस.” तेव्हा मला राग आला होता. त्या एका वाक्यात सगळं शास्त्र होतं हे कळायला मला पुढची दहा वर्षं लागली.

तुमचा लांबीचा हिशेब बरोबर आहे. सनई आतून निमुळती, वर अरुंद आणि खाली रुंद. अशा नळीची लांबी दुप्पट झाली की सूर एक सप्तक खाली जायला हवा. ओबोचा सगळ्यात खालचा सूर सेकंदाला २३३ कंपनांचा असतो, बास ओबोचा १२३ च्या आसपास, आणि नळीही जवळपास दुप्पट. इथवर तुम्ही आणि ते कारागीर एकाच वाटेवर आहात.

आता शेंगदाण्याची कागदी पुडी डोळ्यांसमोर आणा. खाली टोकदार, वर तोंड उघडं. ती उलटी धरा आणि टोक कात्रीने कापा. सनई म्हणजे ही टोक कापलेली पुडी. कापलेल्या टोकात जेवढी हवा मावली असती, तेवढी जागा पत्तीने आणि पत्तीच्या खालच्या नळकांडीने भरून द्यायची असते. ती भरली तरच नळी पूर्ण पुडीसारखी वागते, आणि खालचा सा व वरचा सा एकमेकांशी बरोबर जुळतात. कातारीने तुमची नळी सगळ्या अंगांनी दुप्पट केली. म्हणजे कापलेलं टोक लांबीला दुप्पट, रुंदीला दुप्पट, जाडीला दुप्पट. दोन गुणिले दोन गुणिले दोन. आठपट पोकळी भरायची, आणि त्यावर तुम्ही बसवलीत नेहमीच्या सनईची पत्ती. उंदराचं दार ते हेच. खालचा सा धरायला नळीला आधारच नाही, म्हणून जोर दिला की ती वरच्या सप्तकात उडी घेते. तुम्ही जितका जास्त दम लावाल तितकी जास्त चिरकेल.

म्हणून मंद्रातल्या ओबोंची पत्ती वेगळी असते, मोठी आणि रुंद. आणि ती थेट लाकडात खोचत नाहीत, धातूच्या वाकड्या नळीवर बसवतात. जर्मनीत बनलेला हेकेलफोन हा या घराण्यातला सगळ्यात भारदस्त आवाजाचा. चारेक फूट लांब, पोटातून रुंद, खाली जमिनीवर टेकवायला खुंटी. त्याची पत्ती तर बसूनच्या पत्तीच्या जवळ जाते. बसून म्हणजे वाद्यवृंदातलं त्याहूनही खालच्या सुरांचं, घडी घातलेल्या नळीचं वाद्य. हेकेलफोन पाहिलेला माणूस नाशकात मला तरी भेटलेला नाही. मीही तो फक्त ऐकलेला आहे.

तुम्ही असं करून पाहा. पत्ती रुंदीला दीडपट बांधा आणि खालची पितळी नळकांडी लांब, थोडी मोकळी करून घ्या. मग सगळी भोकं बोटांनी नव्हे, मेणाने बुजवा, म्हणजे बोटांची चिंता नको. खालचा सा हळू फुंकरीने धरा, मग ओठ किंचित आवळून वरचा सा. वरचा सा चढा लागला तर वरची पोकळी अजून अपुरी आहे, नळकांडी वाढवा. उतरता लागला तर जास्त झाली. हार्मोनियम शेजारी ठेवा, कारण नवीन आवाजाच्या कौतुकात कान फसतो. माझा फसला होता.

दुसरी चूक भोकांची. अंतर दुप्पट केलंत, पण भोकं नेहमीच्याच आकाराची ठेवलीत. रुंद नळीला लहान भोकं पडली की सूर गुदमरतो, उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. मोठी करावीत तर बोटाने झाकत नाहीत. हीच अडचण युरोपातल्या कारागिरांनी चारशे वर्षांपूर्वी अनुभवली. त्यांच्याकडेही सनईच्या जातीचं, चावी नसलेलं वाद्य होतं, शॉम नावाचं. त्यांनी ते मोठं करत नेलं, इतकं की सगळ्यात मोठं तीन मीटरच्या जवळ पोचलं. १६१९ साली प्रेटोरिउस नावाच्या जर्मन संगीतकाराने वाद्यांवरच्या आपल्या ग्रंथात त्या सगळ्या कुटुंबाचं वर्णन केलं. चित्रांत खालच्या भोकांसाठी पितळी चावी दिसते आणि तिच्यावर भोकाभोकांची लाकडी टोपी, चावी मोडू नये म्हणून. म्हणजे बोट पोचेना तेव्हा चावी आली. आजच्या ओबोवरच्या चाव्यांच्या जाळीची सुरुवात त्या गरजेतून झाली.

चाव्या तुम्ही आणि मी करू शकणार नाही. ते वेगळं कसब, वेगळी हत्यारं. म्हणून माझा सल्ला असा की एक सप्तक खाली जायचा हट्ट सोडा आणि मंद्र मध्यमावर थांबा. सा पासून खाली पाच सूर मोजा: सा, नी, ध, प, म. लांबी दुप्पट नको, दीडपट पुरते. कोर आंग्ले नावाचा ओबो नेमका इतकाच खाली आहे, आणि ऐकणाऱ्याला तो पुरेसा गंभीर वाटतो. दक्षिणेतलं नादस्वरम् पाहा. सुमारे अडीच फूट लांब, एकही चावी नाही, सात भोकं बोटांची, आणि खाली पाच जास्तीची भोकं मेणाने कमी-जास्त बुजवून सूर जुळवण्यासाठी. माणसाचा हात विनाचावी कुठवर जातो ते त्या वाद्याने दाखवून ठेवलं आहे.

आणि केलेली सनई फेकू नका. पत्तीचं जमलं की सगळी भोकं मेणाने बंद करा, एक-दोन खालची उघडी ठेवून स्वर लावून घ्या आणि ती ‘सूर’ म्हणून साथीला द्या. तुमचा सूर धरणारा मुलगा आज तुमच्याच सप्तकातला सा धरतो. तोच सा खालून, मंद्रातून, अखंड येतोय आणि वर तुमची नेहमीची सनई भैरव मांडतेय. माझ्या लांब सनईचं अखेर वडिलांनी हेच केलं. दोन दिवाळ्या ती पाडव्याच्या पहाटे वाजली. मला तो आवाज अजून ऐकू येतो.

मी गंगापूर रोडला राहते, कॉलेजात आहे. ‘इंग्लिश हॉर्न’ हे हॉर्न आहे का? आणि खालच्या आवाजाचे ओबो ऐकायचे तर कुठून सुरुवात करू?
– एक विद्यार्थिनी

बेटा, ते हॉर्नही नाही आणि इंग्लंडचंही नाही. वर ज्याला कोर आंग्ले म्हटलं तेच हे. कोर आंग्ले हे फ्रेंच नाव, अर्थ तोच. जुन्या जर्मनमध्ये देवदूतांचं आणि इंग्लिश यांसाठीचे शब्द फार जवळचे होते, त्यातून देवदूतांच्या शिंगाचं इंग्लिश शिंग झालं असं एक मत आहे. मला ते पटतं. तळाशी त्याला कांद्यासारखा फुगीर गोळा असतो, तो पाहिला की ओबोपासून लगेच वेगळं ओळखता येतं. मात्र त्याचा आवाज त्या गोळ्यामुळे गोड होतो असं जे सांगतात ते अर्धंच खरं. गोळ्याचा परिणाम मुख्यतः सगळ्यात खालच्या दोन-चार सुरांवर.

द्वोर्झाक या चेक संगीतकाराच्या नवव्या सिंफनीपासून सुरुवात कर. सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना. १६ डिसेंबर १८९३ ला न्यूयॉर्कमध्ये ती पहिल्यांदा वाजली. दुसरा भाग लाव, विलंबित लयीतला. सुरुवातीचे जड, घुमणारे सूर संपले की कोर आंग्ले एकटं बोलायला लागतं. मी ते मुंबईला एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये पहिल्यांदा समोरून ऐकलं. वादकाच्या गळ्यात पट्टा होता, वाद्याचं वजन त्यावर. पाळी यायच्या आधी त्याने पत्ती ओठांत धरून ओली ठेवली होती, अगदी वडील धरायचे तशी. मग एक लांब श्वास. आवाज आला तो दळताना बाई स्वतःशीच ओवी म्हणते तसा, कुणाला ऐकवायचा नसलेला. बहुतेक लोक त्या सुरावटीला दुःखी म्हणतात. मला ती कधीच दुःखी वाटली नाही. पहाटे घरात सगळे झोपलेले असताना जागं असलेलं माणूस जसं शांत असतं तशी ती आहे. तू ऐक आणि तुला काय वाटतं ते कळव.

नंतर बर्लिओझची १८३० सालची ‘फँटॅस्टिक’ सिंफनी, तिसरा भाग. माळरानावर एक गुराखी कोर आंग्लेवर हाक घालतो, दुसरा लांबून, रंगमंचाबाहेरून, ओबोवर उत्तर देतो. भाग संपताना पहिला पुन्हा हाक घालतो, आणि उत्तराच्या जागी फक्त ढगांचा गडगडाट येतो. आपल्या ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी पावसाळ्यात उभं राहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

बास ओबोसाठी होल्स्ट या इंग्रज संगीतकाराची ‘ग्रह’ ही रचना. १९१४ ते १९१७ या काळात लिहिलेली. सात ग्रह, त्यात पाचवा शनी, म्हातारपण आणणारा. शनी म्हटलं की आपल्याला नस्तनपूरचं शनिमंदिर आठवतं, साडेसाती आठवते. होल्स्टने ग्रह घेतले ते ज्योतिषातूनच. ओबो वाजवणाऱ्या तिघांपैकी तिसऱ्याला त्याने बास ओबोही हातात घ्यायला लावला. या माणसाबद्दल मला विशेष आपुलकी आहे, कारण तो संस्कृत शिकला होता. ऋग्वेदातली सूक्तं त्याने इंग्रजीत आणून गायनासाठी बांधली, सावित्रीच्या कथेवर छोटा ऑपेरा लिहिला, आणि कालिदासाच्या मेघदूतावर गायकवृंद व वाद्यवृंदासाठी मोठी रचना केली. कालिदास कलामंदिरावरून जाताना माझ्या मनात अनेकदा येतं की ती रचना एकदा तरी या सभागृहात वाजावी.

हेकेलफोन ऐकायचा तर रिचर्ड स्ट्राउसचा ‘सालोमे’ ऑपेरा, १९०५ चा, किंवा त्याची १९१५ ची ‘आल्पाइन’ सिंफनी. ओबोचा स्वभाव आणि आल्प्समधल्या लांब लाकडी शिंगाची ताकद एकत्र असलेलं वाद्य हवं, असं जर्मन संगीतकार वाग्नरने हेकेल या वाद्यं बनवणाऱ्या कारखान्याला सुचवलं होतं. वाग्नर १८८३ साली गेला आणि वाद्य तयार झालं १९०४ मध्ये. असे हेकेलफोन जगात आजवर दोनशेसुद्धा बनले नाहीत. त्यामुळे ध्वनिमुद्रणात तो सापडला की कान देऊन ऐक. गर्दीत तो लपतो, तंतुवाद्यं थांबली की दिसतो.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, बासरी शिकते. तिला थेट कोर आंग्लेच शिकायचं आहे. चालेल का?
– एक पालक, नाशिक रोड

आत्ता नको. कोर आंग्लेची बोटं ओबोसारखीच असतात, म्हणून सगळे आधी ओबो शिकतात आणि मग एकाच वर्षात कोर आंग्लेवर हात बसतो. नऊ वर्षांच्या मुलीचे हात त्याच्या चाव्यांवर ताणले जातील आणि उजव्या अंगठ्यावर सगळं वजन येईल. पैशांचंही बघायला हवं. नवं चांगलं वाद्य काही लाखांचं असतं, आणि मुलांचं मन दोन वर्षांत बदलू शकतं.

पण तिची आवड दाबू नका. नुसती ओबोची पत्ती आणून द्या. ती कोमट पाण्यात दोन मिनिटं भिजवायची, ओठ दातांवर दुमडून धरायची आणि फुंकायची. सुरुवातीला कावळ्यासारखा आवाज येतो, तो यायलाच हवा. तो सलग दहा सेकंद एका उंचीवर धरता आला की तिला शिक्षक शोधून द्या. ओबोवाल्यांचा त्रास हवा कमी पडण्याचा नसून हवा उरण्याचा असतो. पत्तीचं तोंड इतकं अरुंद की छातीतली हवा बाहेर पडतच नाही, शिळी होते. नवा श्वास घेण्याआधी जुना सोडावा लागतो. बासरीवर याच्या उलट. तिच्या गुरुजींना हे सांगा, म्हणजे ते दोन्हीचा गोंधळ होऊ देणार नाहीत.

शेजारच्या बंगल्यातल्या आजींनी घर सोडताना एक पेटी दिली. आत काळं लाकडी वाद्य तीन तुकड्यांत, तळाचा तुकडा कांद्यासारखा गोल. चाव्या अडकतात, वरच्या तुकड्यावर केसासारखी रेघ आहे. पत्ती लावायला जागाच दिसत नाही. खोबरेल तेल लावून साफ करू का?
– वाचक, देवळाली कॅम्प

तेल अजिबात नको. खोबरेल तेल आपल्या थंडीत गोठतं, चाव्यांखालच्या, भोकं झाकणाऱ्या मऊ पॅडमध्ये मुरतं आणि पॅड चिकटतात. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, एवढंच.

वर्णनावरून हे कोर आंग्ले आहे. लाकूड बहुधा आफ्रिकन ब्लॅकवुड असेल, टांझानिया आणि मोझांबिकमधलं, पाण्यात बुडणारं जड लाकूड. ती केसासारखी रेघ म्हणजे तडा असू शकतो. नखाने आडवं खरवडून पाहा. नख अडकलं तर तडा, नाही अडकलं तर लाकडाची नैसर्गिक रेषा. तडा असेल आणि तो एखाद्या भोकापर्यंत गेला असेल तर घरी काहीही भरू नका. बाजारातला झटपट चिकटवणारा गोंद ओतलेली दोन वाद्यं माझ्याकडे आली होती. तो आत ओघळून भोकाच्या कडेवर कडक झाला होता, आणि तो काढताना कड गेली.

तडा का जातो ते माझ्या हातून झालेल्या नुकसानीवरून सांगतो. एका जानेवारीत निफाडकडे पारा खूप उतरला होता आणि नाशकातही हात आखडत होते. एका मुलाचा ओबो माझ्याकडे पॅड बदलायला होता. सकाळी सातला शटर उघडलं आणि रात्रभर दुकानात गारठलेला तो ओबो तसाच उचलून तोंडाला लावला. फुंकर गरम आणि दमट. आतलं लाकूड फुगायला लागलं, बाहेरचं अजून थंड आणि आवळलेलं. चार-पाच सुरांनंतर ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. वरच्या तुकड्यावर बोटभर रेघ. मुलगा संध्याकाळी आला तेव्हा त्याच्या हातात वाद्य देताना मला बोलता येईना. दुरुस्तीचा खर्च मी केला, पण त्या ओबोचा वरचा तार सप्तकातला आवाज पूर्वीसारखा झाला नाही. तेव्हापासून थंडीत कोणतंही लाकडी वाद्य मी आधी काखेत दहा मिनिटं धरतो, मग फुंकतो, आणि पहिले काही दिवस दहा मिनिटांच्या वर वाजवू देत नाही. वाजवून झालं की आत कापड ओढायचं, रोज, न चुकता.

चाव्यांसाठी एक तपासणी घरी करता येईल. सिगारेटचा पातळ कागद घ्या, त्याची बोटभर पट्टी कापा. पट्टी पॅडखाली सरकवा, चावी हलक्या बोटाने दाबा आणि पट्टी ओढा. अडखळत आली तर पॅड नीट बसतंय. सुळकन निघाली तर तिथून हवा गळते. पॅडच्या चारी बाजूंनी असं करा आणि गळणाऱ्या जागा कागदावर लिहून ठेवा. मंद्रातल्या वाद्यात वरची एक गळती पुरते, खालचे सगळे सूर मुके होतात. मालकाला वाटतं वाद्यच मेलं, आणि दोष असतो एका मसुराएवढ्या पॅडचा.

आता पत्तीच्या जागेचं. कोर आंग्लेत पत्ती लाकडात बसत नाही. वर एक किंचित वाकलेली, बोटभर लांबीची धातूची नळी बसते आणि पत्ती तिच्यावर. ती नसेल तर वाद्य वाजणार नाही. दुसऱ्या कुठल्याही नळीने भागत नाही, कारण तिचा निमुळतेपणा पुढच्या लाकडाशी जुळलेला असतो. पण घाईने ती हरवली असं समजू नका. पेटीच्या झाकणातलं अस्तर बोटांनी चाचपा. जुन्या पेट्यांत अस्तराखाली लहान कप्पा असतो, कधी त्याचं बटण गंजून चिकटलेलं असतं. आजींचा पत्ता असेल तर त्यांनाही एकदा विचारा. वाजवणाऱ्यांना ही नळी खिशात ठेवायची सवय असते, तेव्हा ती घरातल्या शिवणाच्या डब्यात किंवा कोटाच्या खिशात निघू शकते.

सापडली तर वाद्य घेऊन या. न सापडली तरी या, वरच्या भोकाचं माप घेऊन ठेवू. थंडीचे दिवस असतील तर अकरानंतर या, दुकानात ऊन आलेलं असतं.